खोलीच्या भाड्याची बोली

इंदूरच्या विजय नगर भागात उतरू पाहणाऱ्या प्रवाशास एकाच खोलीचे भाडे मोबाइलवर सकाळी एक व संध्याकाळी दुसरेच दिसते. पुष्कळांस ही लबाडी वाटते. वस्तुतः हॉटेलची खोली हा अत्यंत नाशवंत माल आहे. मेथीची शिळी जुडी निदान दुसऱ्या दिवशी अर्ध्या किमतीस जाते. रिकामी गेलेली रात्र मात्र कायमची गेली. म्हणून धुलाई व वीजपाणी भागून चार पैसे उरत असतील, तर ते मालकास हवेच असतात. परंतु उघडपणे भाव पाडावा, तर पुरे भाडे देणारेही तोच भाव मागतील, ही त्याची अडचण.

अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या ‘प्राइसलाइन’ ह्या कंपनीने ह्या अडचणीतून वाट काढली. ग्राहकाने शहराचा भाग, हॉटेलचा दर्जा आणि स्वतःची किंमत सांगावयाची व कार्डाचा क्रमांक आधीच द्यावयाचा. एखाद्या हॉटेलने ती किंमत मान्य केली की पैसे कापले जात, आणि मगच हॉटेलचे नाव कळे. नाव झाकलेले राहिल्याने जाहीर भावास धक्का लागत नसे. आपल्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र तेथे बैल तरी समोर उभा असतो!

बोली नाकारली गेल्यास तीच मागणी नुसता भाव वाढवून लगेच करता येत नसे. एक दिवस थांबावे लागे, किंवा मागणीत काही बदल करावा लागे. चतुर ग्राहक मग असा एखादा भाग मागणीत जोडीत, की जेथे त्या दर्जाचे हॉटेलच नाही. नियम पाळला जाई, नको त्या ठिकाणी जाण्याचा धोका नसे, आणि थोडी वाढीव बोली करता येई. अशा रीतीने पायरीपायरीने ते मालकाच्या किमान भावापाशी पोहोचत. कंपनीने विमानतिकिटांची बोली २०१६ मध्ये थांबविली. पुढे खोल्यांचीही थांबली.

तत्त्व मात्र आजही उपयोगी पडते. दोनतीन ठिकाणचे भाडे करासह टिपून घ्यावे आणि हॉटेललाच दूरध्वनी करून आपला आकडा सांगावा. मध्यस्थ कंपनी हॉटेलकडून दलाली घेते. घासाघिशीस जागा मिळते ती तेथेच. पूर्वी कित्येक हॉटेलांना करारान्वये मध्यस्थापेक्षा कमी भाव देण्यास मनाई असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप व गोआयबिबो यांना सुमारे २२३ कोटी रुपयांचा दंड ठोठावून अशा अटी बदलण्यास सांगितले.

कराचा हिशेबही विसरू नये. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या भाड्यावर पाच टक्के, आणि त्यावर गेल्यास संपूर्ण भाड्यावर अठरा टक्के कर आहे. ७,६०० रुपयांची खोली करासह ८,९६८ रुपयांस पडते, तर ७,५०० ची ७,८७५ रुपयांस. शंभर रुपये उतरवून घेतले की जवळजवळ अकराशे वाचतात!

अर्थात् खोल्या रिकाम्या असतील तेव्हाच हे चालावयाचे. जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस आणि लगोलग गुंतवणूकदारांची परिषद इंदुरात भरली, तेव्हा कित्येक पाहुण्यांची सोय नागरिकांच्या घरी करावी लागली. अशा वेळी बोली करणे व्यर्थ. लग्नसराईतही फारसे निराळे नसते.

आणखी एक गोष्ट. सर्वांत स्वस्त भाव बहुधा ‘पैसे परत मिळणार नाहीत’ ह्या अटीवर मिळतो. लग्नाची तारीख ठरलेली असते, तेथे ही अट पत्करण्यास हरकत नाही. परंतु खानदेशातून रुग्णास घेऊन इंदुरास येणाऱ्या कुटुंबाने ती टाळावी. डॉक्टरांनी तपासणी दोन दिवस पुढे ढकलली, तर वाचविलेल्या दोनतीनशे रुपयांपायी सगळे भाडे बुडते. त्यांनी आकडा सांगण्याआधी तारीख बदलता येईल काय, हे विचारावे, आणि होकार मिळाल्यास तो लेखी मागून घ्यावा.