गिरणीतली कांडी, गळाचं रीळ

आवराआवर करताना रामदासपेठेतल्या घरी वडिलांचं मासेमारीचं जुनं रीळ सापडलं. मूठ फिरेचना.

मंडळी, या रिळाची कल्पना कापडगिरणीतली! स्थिर कांडीच्या टोकावरून सूत सुटतं, तशी यात गळाची दोरी सुटते. इंग्लंडमधले कापड कारखानदार आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १८७७ पासून एम्प्रेस मिल पाहिलेल्या नागपूरला कांडी नवी नाही.

रीळ उघडलं. आतलं वंगण मेणासारखं घट्ट झालेलं. सुटे भाग क्रमाने मांडले, रॉकेलमध्ये भिजवले, ब्रशने घासले. नवं वंगण बेतानंच लावलं. मुठीला मात्र पॉलिश केलं नाही. तिच्यावरची झीज वडिलांच्या बोटांची आहे.

आता रीळ छान फिरतं.