टूलबार लपवला, तरी दार उघडेच!

वर्डप्रेसवर उभारलेल्या संकेतस्थळावर लॉग-इन करताच पानाच्या माथ्यावर एक काळी पट्टी अवतरते. हा झाला प्रशासकाचा टूलबार. नवा लेख, वाचकांच्या प्रतिक्रिया, समोरच्या पानाचे संपादन अशा नित्याच्या कामांकडे तेथून एका क्लिकसरशी जाता येते. लॉग-इन न केलेल्या वाचकाला ती सहसा दिसत नाही.

मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये वर्डप्रेस सुरू केले, तेव्हा ही सोय नव्हती. फेब्रुवारी २०११ मधील ३.१ या आवृत्तीत ती 'अॅडमिन बार' या नावाने आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ३.३ या आवृत्तीत तिचे 'टूलबार' असे नामकरण झाले.

निरनिराळी प्लगइन्स आपापले दुवे या पट्टीत घुसवतात आणि तिथे गर्दी होते. तिला शिस्त लावण्याचे मार्ग तीन. पहिला सर्वांत सोपा : आपल्या प्रोफाइलमध्ये जाऊन संकेतस्थळ पाहताना टूलबार दाखवण्याच्या पर्यायावरील खूण काढावी. डॅशबोर्डमध्ये मात्र तो कायम राहतो. दुसरा मार्ग तयार प्लगइनचा. तिसरा, स्वतः चार ओळींचा कोड लिहून नको ते दुवे वगळण्याचा आणि हवे ते जोडण्याचा.

हा कोड थीमच्या मूळ फाइलमध्ये लिहिणे टाळावे. थीम अद्ययावत झाली की तो पुसला जातो. त्यासाठी चाइल्ड थीम किंवा छोटे स्वतंत्र प्लगइन वापरावे आणि आधी बॅकअप घ्यावा. कोडमधील एखादी चूक अख्खे संकेतस्थळ बंद पाडू शकते. २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून अशा वेळी प्रशासकाला ई-मेलने दुरुस्तीचा खास दुवा पाठवण्याची सोय झाली. तरीही बॅकअपला पर्याय नाही.

मात्र खरी गफलत होते ती वेगळ्याच ठिकाणी. अनेक जण मिळून चालवत असलेल्या संकेतस्थळावर सोयीसाठी सर्वांनाच प्रशासकाचे अधिकार दिले जातात आणि मग 'नको तिथे हात लागू नये' म्हणून टूलबारवरील दुवे लपवले जातात. ही निव्वळ समजूत ठरते. दुवा गेला तरी अधिकार उरतो. त्या पानाचा पत्ता ठाऊक असलेला माणूस तो ब्राउझरमध्ये टाइप करून थेट आत पोहोचतो. पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

कुलूप आहे ते वर्डप्रेसच्या भूमिकांमध्ये. संपादक इतरांचेही लेख दुरुस्त करू शकतो, लेखक फक्त स्वतःचे प्रसिद्ध करतो, तर योगदानकर्ता लिहितो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. म्हणून आधी प्रत्येकाला गरजेपुरताच अधिकार द्यावा. टूलबारची सजावट त्यानंतर!