शिट्टीमागचे नियम (भाग ९) : मुठीत धरलेली जर्सी

२३ जून १९९८. मार्सेलमध्ये ब्राझील आणि नॉर्वे यांचा विश्वचषकातला साखळी सामना १-१ असा बरोबरीत होता. ब्राझीलची पुढची फेरी आधीच पक्की झाली होती, नॉर्वेला मात्र जिंकणं भाग होतं. शेवटची काही मिनिटं उरली असताना अमेरिकेचे पंच एस्फंदियार बहरमस्त यांनी शिट्टी वाजवून पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं. ब्राझीलच्या ज्युनिअर बायानोने नॉर्वेच्या तोरे आंद्रे फ्लोला ओढून पाडलं, असा त्यांचा निर्णय होता. रेक्दालने गोल केला आणि नॉर्वे जिंकला. त्यामुळे त्याच संध्याकाळी स्कॉटलंडला ३-० असं हरवूनही त्याच गटातला मोरोक्को स्पर्धेबाहेर गेला. जगभर दाखवल्या गेलेल्या चित्रणात फाउल कुठेच दिसत नव्हता, त्यामुळे बहरमस्त यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढे स्वीडनच्या टीव्हीच्या कॅमेऱ्याने वेगळ्या कोनातून टिपलेलं दृश्य समोर आलं. बायानोने फ्लोची जर्सी मुठीत धरली होती, हे त्यात स्वच्छ दिसलं. पंचांनी धावता धावता एका नजरेत पाहिलेलं खरं होतं.

मागच्या भागात हँडबॉलच्या नियमातली गुंतागुंत आपण पाहिली. जर्सी ओढण्याचा नियम त्या मानाने सरळ आहे. प्रतिस्पर्ध्याच्या शरीराला किंवा कपड्यांना धरल्यामुळे त्याच्या हालचालीला अडथळा आला, तर तो फाउल. बचावपटूने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात तो केला तर पेनल्टी. नुसता हात लागला, बोटं कापडावर टेकली, एवढ्याने काही होत नाही. पण पाऊल अडलं, उडी अर्धवट राहिली, वळताना खांदा मागे खेचला गेला, तर गुन्हा पूर्ण झाला. ओढायला सुरुवात क्षेत्राबाहेर झाली आणि पकड आत येईपर्यंत सुटली नाही, तरीही पेनल्टीच.

मग चेंडू कुठे होता? समालोचक आणि प्रेक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. नियमाच्या दृष्टीने त्याचं उत्तर एवढंच, की चेंडू खेळात असला म्हणजे पुरे. तो कुठे आहे याला महत्त्व नाही. २०२२ च्या विश्वचषकात अर्जेंटिना-सौदी अरेबिया सामन्याच्या सुरुवातीलाच पारेदेसला सौदीच्या बचावपटूने धरून ठेवलं. पंच स्लावको विन्चिच यांनी व्हीएआरच्या (व्हिडिओ सहायक पंचाच्या) सूचनेवरून पडद्यावर दृश्य पाहिलं आणि पेनल्टी दिली. दहाव्या मिनिटाला मेस्सीने गोल केला. ‘एवढ्याशा गोष्टीला पेनल्टी?’ असं पुष्कळ जण म्हणाले. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याला जागेवरून हलूच दिलं नाही, तो चेंडूपर्यंत पोचला असता की नसता, हे ठरवायचा अधिकार त्याला धरणाऱ्याला कसा द्यायचा?

खरी अडचण कॉर्नर आणि फ्री किकच्या वेळी येते. दहा-बारा खेळाडू एकमेकांना बिलगलेले, त्यातले निम्मे हात कुणाच्या ना कुणाच्या कमरेला. कॉर्नर घेणाऱ्याने चेंडूला पाय लावेपर्यंत चेंडू खेळात नसतो. तोवर कुणी कुणाला कितीही ओढलं तरी पेनल्टी देता येत नाही. पंच खेळ थांबवून समज देऊ शकतो, पिवळं कार्ड दाखवू शकतो, आणि कॉर्नर तसाच घ्यायला लावतो. बहुतेक पंच समज देतात. दोघांना जवळ बोलावतात, बोट दाखवून दोन शब्द सुनावतात, खेळाडू मान डोलावतात. पंचाची पाठ वळली की हात पुन्हा जर्सीवर. हे दर सामन्यात घडतं, कारण समज दिल्यानंतर पुढे काही होणार नाही, हे बचावपटू अनुभवाने शिकलेले असतात.

म्हणून माझं ठाम मत आहे, की समज एकदाच द्यावी. चेंडू खेळात येण्याआधी तोच खेळाडू पुन्हा धरताना दिसला तर पिवळं कार्ड. चेंडू खेळात आल्यावर धरलं तर पेनल्टी, मग सामन्याचं चौथं मिनिट असो की नव्वदावं. सामन्यातला असा पहिला फाउल दुर्लक्षिला, की पुढच्या प्रत्येक शिट्टीवर ‘मघाशी का नाही?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्तच असतो.

कडक धोरण सुरू होतं आणि विरून जातं, याचा इंग्लंडमध्ये चांगलाच अनुभव आहे. २०१६-१७ च्या हंगामाआधी प्रीमियर लीगच्या पंचांनी बॉक्समधल्या धरपकडीवर कारवाई करण्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये स्टोक सिटी विरुद्ध मँचेस्टर सिटी सामन्यात माइक डीन यांनी तसं करून दाखवलं. ओटामेंडीला धरल्याबद्दल स्टोकच्या शॉक्रॉसविरुद्ध पेनल्टी, आणि दुसऱ्या बाजूला शॉक्रॉसला धरल्याबद्दल मँचेस्टरच्या स्टर्लिंगविरुद्ध पेनल्टी. दोन्ही संघांना एकच माप. पुढे धार बोथट झाली आणि कॉर्नरवरचं दृश्य पूर्वीसारखंच झालं. महिनाभर कडक राहून मग सोडून देणं हे मुळीच कडक न होण्यापेक्षा वाईट. खेळाडू धीर धरायला शिकतात, सुधारत नाहीत.

२०१८ च्या विश्वचषकात एकाच गुन्ह्याचे तीन वेगवेगळे निकाल लागले. वोल्गोग्राडला ट्युनिशियाच्या बचावपटूंनी कॉर्नरच्या वेळी इंग्लंडच्या हॅरी केनला अक्षरशः खाली लोळवलं, तरी काही मिळालं नाही. व्हीएआरनेही हस्तक्षेप केला नाही. सहा दिवसांनी निझनी नोव्हगोरोडला पनामाच्या गोदोयने केनला तसंच धरलं, तेव्हा इजिप्तचे पंच गेहाद ग्रिशा यांनी पेनल्टी दिली. तिसरी घटना कालिनिनग्राडची. स्वित्झर्लंडच्या दोन बचावपटूंनी सर्बियाच्या मित्रोविचला दोन्ही बाजूंनी जखडून ठेवलं. पंच फेलिक्स ब्रिख यांनी शिट्टी वाजवली, आणि फाउल दिला तो मित्रोविचविरुद्धच! त्या वेळी बरोबरीत असलेला सामना सर्बियाने १-२ असा गमावला.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ती एक रूढ सवय झाली आहे. बॉक्समध्ये झोंबाझोंबी दिसली की आघाडीच्या खेळाडूविरुद्ध फ्री किक देऊन मोकळं व्हायचं. त्यावर फारसं कुणी भांडत नाही आणि गोलफलकही हलत नाही. पण पकडणारे दोन आणि पकडला गेलेला एक असताना पकडला गेलेल्याला दोषी ठरवणं हा अन्याय आहे. दोघांनीही एकमेकांना धरलं असेल तर आधी कुणी धरलं ते पाहावं. एकाच वेळी दोन फाउल झाले, तर जास्त गंभीर कोणता त्यावर शिक्षा द्यावी, असं नियम सांगतो. आघाडीच्या खेळाडूंनीही बचावपटूंना वाटेत अडवून ठेवण्याचे डाव बसवलेले असतात, तिथे त्यांच्याविरुद्ध शिट्टी वाजलीच पाहिजे. फक्त ती पाहून वाजवावी, सुटका म्हणून नाही.

पेनल्टी ही शिक्षा फार मोठी आहे, जर्सी ओढण्यासाठी बॉक्समध्येही साधी फ्री किक असावी, असंही काही जण सुचवतात. २०१८ च्या स्पर्धेत २९ पेनल्टींपैकी २२ वर गोल झाले, म्हणजे शिक्षा मोठी आहे यात शंका नाही. पण ती लहान केली तर धरणं परवडू लागेल. गोलची निश्चित संधी धरून-ओढून हिरावली तर पेनल्टीबरोबर लाल कार्डही आहे. २०१६ मध्ये लाल कार्डाचा हा नियम सौम्य झाला तो चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करणाऱ्या बचावपटूसाठी. जर्सी ओढणारा चेंडूसाठी काहीच करत नसतो, त्याला ती सवलत मिळाली नाही, आणि ते बरोबरच झालं.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, मुंबईच्या कूपरेजवर किंवा म्हापशाच्या धुळेर मैदानावरच्या स्थानिक सामन्यांत व्हीएआर नसतो. पंच आणि दोन सहायक, एवढ्यांच्या डोळ्यांवर सगळा भार. अशा पंचांनी सामन्याआधीच सहायकांशी ठरवून घ्यावं, की कॉर्नरच्या वेळी कुठल्या घोळक्याकडे कुणी पाहायचं. चेंडू हवेत उडाला की सगळ्यांची नजर चेंडूमागे जाते. त्या दोन-तीन सेकंदांत एकाने तरी खाली, हातांकडे पाहत राहावं. दोन्ही कर्णधारांना नाणेफेकीच्या वेळीच सांगून टाकावं, की पहिल्या कॉर्नरपासून पेनल्टी मिळेल.

आणि तशी पेनल्टी मिळाली तर स्पर्धेच्या संयोजकांनी त्या पंचाच्या पाठीशी उभं राहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या फेरीत त्याला घरी बसवलं, तर बाकीचे पंच त्यातून काय बोध घ्यायचा तो घेतातच.

पुढील भागात : पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाचे पाय रेषेवर केव्हा असले पाहिजेत.