माथेरानला जेवावं कुठं?

माथेरानला जायचं ठरलं की घरात पहिली चौकशी होते खोलीची आणि दुसरी जेवणाची. 'तिथं आपल्यासारखं जेवण मिळतं ना?' असं जो तो विचारतो. गंमत अशी, की प्रत्येकाचं 'आपल्यासारखं' निराळं असतं. कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाला झणझणीत रस्सा लागतो, कुणाचं बिर्याणीवाचून अडतं, आणि मुलांना तर जिथं जातील तिथं नूडल्सच हव्या असतात. या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार आहे, पण हॉटेलांची नावं आणि दर वाचून दाखवून नव्हे. मालक बदलतात, आचारी बदलतात, गेल्या वर्षीची चव यंदा तिथं असेलच असं नाही. न बदलणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या ताटातलं अन्न त्या डोंगरावर चढलं कसं, हे एकदा समजून घेतलं की कुठं काय खावं आणि काय प्यावं, हे आपोआप कळायला लागतं.

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, सुमारे आठशे मीटर उंचीवर. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून गेले, आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांना ही जागा ठाऊक झाली. साहेबांमागोमाग मुंबईचे पारशी, बोहरी, भाटिया व्यापारी आले, त्यांचे बंगले उभे राहिले. नेरळहून वर जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती उभारली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, वडील सर आदमजींच्या पैशावर. परंतु गाडी आली तरी गावात मोटार आली नाही. आजही पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे मोटारींना असलेली मनाई अधिक पक्की झाली.

आता थोडा हिशेब करा. वर तांबडी माती आहे, जंगल आहे, अंजनी-जांभळी-हिरडा आहे, पण शेत नाही. तांदळाचा दाणा, गव्हाचं पीठ, तेल, कांदे-बटाटे, अंडी हे सगळं खालून येतं. दस्तुरीपर्यंत टेम्पोतून येतं. पुढं? काही माल अमन लॉजहून गाडीच्या डब्यातून जातो. बाकीचा घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर, नाहीतर माणसाच्या डोक्यावर. हॉटेलात वापरतात त्या मोठ्या सिलिंडरमध्ये गॅसच एकोणीस किलो असतो, लोखंडाचं वजन वेगळं. तो कुणीतरी चढावरून नेलेला असतो, तेव्हा तुमच्या समोरची पोळी फुगते. म्हणून वर चहाला खालच्यापेक्षा दोन पैसे जास्त पडले, तर लगेच लुटलं म्हणू नये. त्यात वाहतुकीचे पैसे आहेत, आणि इथं वाहतूक म्हणजे कुणाची तरी मान आणि कुणाचे तरी गुडघे.

खाणं सुरू होतं खाली नेरळलाच. लोकल गाडीतून उतरलात की स्टेशनाबाहेर गरम वडापाव खाऊन घ्यावा. वर जाऊन खाऊ म्हणून उपाशी निघालात तर चढावर पाय बोलायला लागतात. छोट्या गाडीने जाणार असाल तर जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी मधली स्टेशनं लागतात. पावसाळ्यात मात्र ही गाडी नेरळपासून धावत नाही, वरच्या वर अमन लॉज ते माथेरान अशी फेरी सुरू असते. २००५ च्या महापुरात हा मार्ग वाहून गेला होता, तो २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा मोडला, तो २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. या बंदच्या वर्षांत वरच्या चुली विझल्या नाहीत. त्या पेटत्या ठेवल्या घोडेवाल्यांनी आणि हमालांनी.

दुपारच्या जेवणाचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला, राहण्याच्या हॉटेलातच चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण ठरवून टाकायचं. माथेरानात ही पद्धत जुनी. त्यातली बरीच स्वयंपाकघरं गुजराती वळणाची, जैन जेवणाचीही सोय असलेली. डाळ थोडी गोड लागेल, फरसाण असेल, शेवटी ताक. पुष्कळ जणांना हे मिळमिळीत वाटतं. पण या पद्धतीत एक शहाणपण आहे. जेवणारी डोकी किती, हे आचाऱ्याला आदल्या दिवशी माहीत असतं. तो तेवढाच माल मागवतो, तेवढंच रांधतो. म्हणून ठरवलेल्या वेळेला जेवायला जावं, आणि एखाद्या वेळेला जेवणार नसाल तर आधी सांगावं.

दुसरा मार्ग बाजारपेठेतल्या खानावळींचा. महात्मा गांधी रस्त्याने चालत निघालात की दोन्ही अंगांना लहान-मोठी ठिकाणं दिसतात. इथं पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा आज काय शिजलंय ते विचारावं. पाटीवर शंभर पदार्थ असतात. पण जिथं प्रत्येक किलो वाहून आणावा लागतो, तिथं शंभर पदार्थांचं ताजं सामान रोज कोण ठेवील? शनिवार-रविवारी गर्दी असते, माल खपतो, तेव्हा कोंबडी-मटण बिनघोर खावं. मंगळवारी-बुधवारी गाव सुस्त असतं. तेव्हा वरण-भात, पिठलं-भाकरी, अंड्याची पोळी हे बरं. अगदी मासे किंवा मटणच हवं असेल तर सकाळी सांगून ठेवा आणि दुपारी जेवा. सकाळी सांगितलेलं गिऱ्हाईक खानावळवाल्यालाही आवडतं, कारण त्याचा माल वाया जात नाही.

आणि हा एवढासा बाजार चवीच्या बाबतीत मोठा दिलदार आहे. ज्यांनी ज्यांनी इथं बंगले बांधले, त्यांनी आपापले आचारीही आणले. म्हणून ढोकळा आणि धनसाक, बिर्याणी आणि झुणका-भाकर यांची नावं एकाच रस्त्यावर ऐकू येतात. एकमेकांच्या घरी न जेवणारी माणसं इथं एकमेकांच्या शेजारी बसून जेवली आहेत. थंड हवेचा हाही एक गुण म्हणायचा.

जे खालून चढवावं लागत नाही, जे तिथल्या डोंगराचंच आहे, ते चुकवू नये. एप्रिल-मे महिन्यात उतारावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या बाया टोपल्या घेऊन येतात. करवंदं, जांभळं, अळू, रायवळ आंबे. पानाच्या द्रोणात वाटाभर करवंदं घ्यावीत, बाजूला कुठंतरी दगडावर बसून खावीत. ती बाई पहाटे उठून रानात हिंडलेली असते, काटे टोचून घेतलेले असतात, आणि मग पायवाटेनं चढून आलेली असते. पाच-दहा रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करू नये. हॉटेलच्या बिलावर आपण कुठं करतो? पावसाची सुरुवात झाली की शेवळं, मग टाकळा, कुरडू अशा रानभाज्या येतात. त्या पाटीवर क्वचितच दिसतात. पण एखाद्या घरगुती खानावळीत आपुलकीनं विचारलंत, तर स्वतःसाठी केलेल्या भाजीतली वाटीभर तुमच्याही पानात पडेल. भर पावसात पुष्कळ हॉटेलं बंद असतात, तेव्हा जी दोन-चार उघडी असतील तिथली गरम कांदाभजी आणि कोळशावरचं कणीस हेच पक्वान्न.

आता पिण्याविषयी. आधी पाणी. शार्लोट तलाव हा माथेरानचा जुना पाणवठा. शिवाय खाली नेरळच्या बाजूला उल्हास नदीचं पाणी उपसून पंपानं डोंगरावर चढवतात. म्हणजे तिथलं पाणीसुद्धा घाट चढून आलेलं. घरून एक चांगली बाटली न्यावी आणि हॉटेलात गाळलेलं किंवा उकळलेलं पाणी भरून घ्यावं. विकतची प्लॅस्टिकची बाटली भरलेली वर येते आणि रिकामी दरीत जाते, हे बरं दिसत नाही.

पॅनोरमा, एको, लुईझा अशा पॉइंटांच्या वाटेवर किंवा टोकाशी लिंबूपाणी, कोकम सरबत, चहा विकणारे दिसतात. तिथं नळ नसतो. सरबतवाला ते पाणी बाजारातून वाहून नेतो. सरबत जरूर प्यावं, पण आधी बर्फ आणि पाणी कुठलं ते सहज विचारून घ्यावं. शंका वाटली तर चहा प्यावा. चहा उकळलेला असतो, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. ज्यांना दुसरं 'पेय' हवं असतं, त्यांची सोयही गावात आहे. मी त्यातला जाणकार नाही, पण त्यांना एक विनंती करतो. बाटली पॉइंटावर नेऊ नका. कड्याच्या काठाला कठडा सगळीकडे नाही. आणि फुटलेली काच घोड्याच्या खुरात आणि अनवाणी पायात घुसते. घोडा लंगडला तर एका घराची कमाई लंगडते.

हातात खाऊ घेऊन फिरू नका, हेही जाताजाता सांगतो. माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत. त्यांना हौसेनं खायला घालणं तर त्याहून वाईट. एकदा चटक लागली की ती रानातलं सोडून माणसाच्या पिशवीवर जगायला लागतात.

आणि येताना चिक्की. शेंगदाणे आणि गूळ, दोन्ही खालूनच आलेले. पण चिक्की या गावाला शोभते, कारण तिला फ्रिज लागत नाही, ती चार-आठ दिवसांत बिघडत नाही, आणि थोड्या वजनात पोट भरते. डोंगरावरच्या माणसाला जे सोयीचं, तेच डोंगरावरच्या दुकानाला सोयीचं. पावसाळी दिवसांत मात्र ती नरम पडते, तेव्हा एक तुकडा मोडून आवाज ऐकूनच घ्यावी. 'कट' असा आवाज आला तर ताजी.

हे सगळं सांगताना ज्यांच्या खांद्यावर हे जेवण येतं, त्यांच्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. माणसानं माणसाला ओढायच्या हातरिक्षा माथेरानात वर्षानुवर्षं चालल्या. ९४ जणांकडे त्यांचे परवाने होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं तिथं ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयानं हातरिक्षा ही माणुसकीला न शोभणारी गोष्ट असल्याचं सांगून ती प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, आणि ई-रिक्षा त्याच रिक्षावाल्यांच्या हाती द्याव्यात, असा आदेश दिला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध राहिला. त्यांच्याही घरी चूल आहे, त्यांची भीती खोटी नाही. माणसानं माणसाला ओढू नये, हे मला पटतं. पण ओझं तर राहणारच. ते वाहायची सोय सुधारली पाहिजे, आणि आजवर ज्यांनी ते वाहिलं त्यांच्या घरातली भाकरी त्या सुधारणेत हरवता कामा नये. आपण प्रवासी लोक दोन दिवसांनी उतरून जातो. पण आपल्या दोन दिवसांच्या गरजांवरच तिथली वर्षाची गणितं बसतात.

मराठीत अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतात. आमच्या घरात अन्नाला रिजक म्हणतात, देवानं नेमून दिलेला वाटा. ताटात टाकलेला घास म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचा अपमान, असं दोन्हीकडची वडीलमाणसं सांगत आली. डोंगराखाली हे बोल आपण ऐकून सोडून देतो, कारण ट्रक दिसत नाही, हमाल दिसत नाही, पोतं कुणी उचललं ते दिसत नाही. माथेरानात ते सगळं रस्त्यावर दिसतं. तांदळाचं पोतं पाठीवर घेतलेला घोडा तुमच्या अंगावरून जातो, आणि तासाभरानं तोच भात तुमच्या पानात येतो.

तेव्हा माथेरानला जेवावं कुठं? जिथं आजचं सामान आजच शिजतं तिथं. जिथं काय संपलंय ते मालक खरं सांगतो तिथं. हवं तेवढंच वाढून घ्या, जरूर पडली तर पुन्हा मागा. ओझं घेऊन चढणारा माणूस किंवा घोडा समोरून आला, तर फोटो काढण्याआधी बाजूला होऊन त्याला वाट द्या. आणि परतताना पिशवीत चिक्कीच्या शेजारी आपली रिकामी बाटली आणि कागदही खाली घेऊन या. उताराला तेवढं ओझं आपल्याला सहज झेपतं.