राखणदाराची परीक्षा

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पोलादपूरच्या डोंगरात कुडपण आहे. उत्तरेला, उरण तालुक्यात न्हावाशेवा बंदर आहे. जून २०१७ मध्ये या बंदरातल्या एका टर्मिनलचे काम एकाएकी थांबले. क्रेन शाबूत होत्या, कंटेनरही जागच्या जागी होते. पण त्यांचा हिशेब ठेवणारे संगणक बंद पडले होते. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जगभरच्या जाळ्यात ‘नॉटपेट्या’ ही घातक आज्ञावली शिरली होती.

ती शिरली कशी? युक्रेनमध्ये करांच्या हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या ‘अपडेट’मधून. अपडेट पुरवणारी यंत्रणाच हल्लेखोरांनी ताब्यात घेतली होती. ओळखीच्या माणसाला दार उघडावे, तसे लोकांनी तिला आत घेतले.

कुडपणच्या शिक्षकांना वाटेल, बंदराच्या या भानगडीशी आपला काय संबंध? पण शाळेतल्या संगणकावरचा अँटिव्हायरसही असेच अपडेट घेत असतो. त्याचे काम दोन प्रकारे चालते. माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते. प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. शिवाय एखादी आज्ञावली भराभर फाइली बदलू लागली, की तिच्या वागण्यावरून तो संशय घेतो. यासाठी त्याला सगळ्या फाइली वाचण्याची आणि कोणतीही आज्ञावली थांबवण्याची मुभा द्यावी लागते. म्हणजे घरातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या राखणदाराकडे!

मग राखणदारच चुकला तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ही चूक होती. पण कधी कुंपणच शेत खाते. अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ग्राहक कोणकोणती संकेतस्थळे पाहतात ही माहिती गोळा करून विकल्याबद्दल, २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

तर मग पूर्ण अचूक राखणदार शोधावा का? तो असूच शकत नाही, असे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकात तर्काने दाखवले. हा तर्क वर्गातही सांगता येईल. समजा, असा राखणदार आहे. आपण एक आज्ञावली लिहू. ती आधी त्यालाच विचारते, “मी विषाणू आहे का?” तो ‘हो’ म्हणाला, तर ती गप्प बसते, ‘नाही’ म्हणाला, तर पसरू लागते. दोन्ही वेळा उत्तर चुकलेच! म्हणून ‘१०० टक्के संरक्षण’ ही जाहिरात झाली, विज्ञान नव्हे. कंपनी पुण्याची असो वा परदेशातली, याला अपवाद नाही.

याचा अर्थ राखणदार काढून टाकावा असा नाही. माहीत असलेले बहुतेक चोर तो पकडतोच. अपडेटही घेत राहावे, कारण जुन्या यादीत नवे चोर नसतात. मात्र ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, येथे दाबा’ अशी अचानक उमटणारी सूचना दाबू नये. चोरही राखणदाराचा वेश घेतो. आणि निकालपत्रकांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन, तो संगणकापासून काढून कपाटात ठेवावा.

राखणदार जागा आहे ना, हे मात्र तपासता येते. त्यासाठी आयकार या संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ तयार केली आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून जतन करा. अँटिव्हायरसने लगेच आरडाओरडा करायला हवा. तो गप्प राहिला, तर तो बंद आहे की नीट बसवलेलाच नाही, ते पाहा. आणि ओरडला, तरी एवढेच कळले की तो जागा आहे. तो किती हुशार आणि किती प्रामाणिक आहे, हे या परीक्षेतून कळत नाही.