कमी पळालेली गाडी

निपाणीकराला जुनी स्पोर्ट्‌स कार बघायला कोल्हापूर जवळ. ‘दहा वर्षांत फक्त बारा हजार किलोमीटर’ ऐकलं की गिऱ्हाईक विरघळतं. मला तिथंच शंका येते. उभ्या गाडीचंही वय होतं. टायरच्या रबरातलं संरक्षक मेण चाक फिरत असताना पृष्ठभागावर येत राहतं. गाडी शेडमध्येच राहिली की ते थांबतं आणि हवेतला ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

ब्रेक ऑइल तर ओल शोषतं, आणि आपल्याकडचा पावसाळा काय सांगावा! ताजं डॉट-४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. तवंदी घाट ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं, तर पेडल सरळ खाली जातं.

टायर आणि ऑइल बदलून घ्यायची तयारी असेल तर मी जुनीच घेईन. नवीचा भाव शोरूमबाहेर पडताच घसरतो. फक्त एमएच-०९ ची केए-२३ करायची तर एनओसी काढा आणि कर्नाटकचा रोड टॅक्स किमतीत धरा. महाराष्ट्रात भरलेला इथं चालत नाही.