'इनडेफिनिट' म्हणजे हात झटकणं नव्हे

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असा किंवा आणखी कुठे, पॅथॉलॉजीच्या प्रबंधासाठी आतड्याच्या बायोप्सीचे रिपोर्ट चाळायला घेतलेत, की एक शेरा कधीतरी अडवणारच: 'इनडेफिनिट फॉर डिसप्लेसिया'. वाटतं, लिहिणाऱ्याने अंग काढून घेतलं. पण जरा थांबा.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं अस्तर वर्षानुवर्षं सुजतं, झडतं, पुन्हा भरून येतं. साधारण आठ वर्षांनंतर कॅन्सरचा धोका वाढू लागतो, म्हणून दुर्बिणीने तपासून तुकडे घेतात. पंचाईत अशी, की नुसत्या भरून येणाऱ्या पेशींची केंद्रकंसुद्धा मोठी आणि गडद दिसतात. डिसप्लेसियाची, म्हणजे कॅन्सरपूर्व बदलाचीही तशीच!

१९८३ मध्ये रिडेल आणि सहकाऱ्यांनी यासाठी खाने आखले: निगेटिव्ह, इनडेफिनिट आणि पॉझिटिव्ह. पॉझिटिव्हमध्ये लो ग्रेड आणि हाय ग्रेड. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की प्रत्येक खान्याला पुढे काय करायचं तेही जोडलेलं होतं. इनडेफिनिट आलं तर आधी औषधाने सूज उतरवायची, मग पुन्हा बायोप्सी. हाय ग्रेड आलं तर दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला स्लाइड दाखवायची, कारण पुढे अख्खं मोठं आतडं काढायची वेळ येऊ शकते.

स्लाइड बघताना ग्रंथीच्या तळाशी अडकू नका, वर सरका. पेशी पृष्ठभागाकडे येताना निवळत असतील तर बहुधा दुरुस्ती चालू आहे. वरपर्यंत तशाच राहिल्या तर डिसप्लेसियाचा संशय घ्या. लो ग्रेडमध्ये केंद्रकं लांबट, पण रांगेत आणि बहुतेक पेशीच्या खालच्या अर्ध्या भागात. हाय ग्रेडमध्ये रांग मोडते. मागावरचा ताणा आठवा: धागे दाट असणं वेगळं, गुंता होणं वेगळं. (ही उपमा प्रबंधात नको, गाइड हसतील.)

जुन्या रिपोर्टांत 'डाल्म' हेही नाव भेटेल, म्हणजे उंचवटा किंवा गाठ असलेला डिसप्लेसिया. एकेकाळी ते लिहिलं की आतडं काढणं जवळजवळ ठरलेलं. २०१५ च्या 'सिनिक' सहमतीने ते नाव सोडायला सांगितलं. आता बदल दुर्बिणीतून दिसतो का, उंच आहे की सपाट, आणि दुर्बिणीतूनच पूर्ण काढता येतो का, हे विचारतात.

म्हणून जुने रिपोर्ट 'आहे' आणि 'नाही' अशा दोनच रकान्यांत कोंबू नका. रिपोर्टाचं वर्ष आणि वापरलेलं वर्गीकरण नोंदवा. स्लाइड दोघांना, एकमेकांचं मत न कळता, वाचायला द्या आणि कप्पा काढा. तो इनडेफिनिट आणि लो ग्रेडमध्ये कमी आला तर दचकू नका, तिथे मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टांचंही जमत नाही.